बोरवस्तीची मोरी

डिसेंबरातला रविवार, सकाळ. ठिकाण: बोरवस्ती, जळकोटच्या अलीकडं, चौपदरी होत असलेल्या हायवेच्या भरावाखाली. हजर: खासदार आप्पा, रस्त्याच्या कामावरचे इंजिनिअर शेखसाहेब, आप्पांचे सगळ्यात जुने कार्यकर्ते नाना, बोरवस्तीच्या प्रयागबाई, प्रयागबाईंची म्हैस, आणि मी, आप्पांची पीए. मागं वस्तीतली बरीच मंडळी.

म्हशीचं नाव हजेरीत घेतलं, कारण त्या दिवशीचा मुख्य मुद्दा तिनंच मांडला.

कार्यक्रम साधा होता. बोरवस्तीनं मोरी मागितली होती. ती बांधून झाली होती. आप्पांनी येऊन बघायची होती. आधी म्हैस मोरीतून पलीकडं न्यायची, मग आप्पांना हार, मग चहा, असं वस्तीनं ठरवलं होतं. प्रयागबाईंच्या हातात झेंडूचा हार होता. आम्ही भरावाच्या उतरणीवरून खाली गेलो. तिथं काँक्रीटचा एक गोल पाइप होता. माणसाला वाकून आत डोकावता येईल, एवढा. म्हशीनं पाइपाकडं बघितलं, तोंड फिरवलं आणि उभी राहिली.

"आवो आप्पा, मोरी कुठं हाय?" प्रयागबाई म्हणाल्या.

शेखसाहेबांनी पाइपाकडं हात केला. "ही काय मावशी, समोरच."

"ही? ही तर न्हाणीची मोरी झाली. ह्यातून म्हैस घालून दाखवा मला."

"म्हैस ऱ्हाऊ द्या," मागून कुणीतरी म्हणालं, "आधी नानाला घालून बघा. नाना गेले तर म्हैस जाईल."

सगळे हसले. नानांचा देह मोठा आहे. तेही हसले. आप्पा हसले नाहीत. ते पाइपापाशी उकिडवे बसले आणि आरपार बघू लागले.

शेखसाहेब नीट माणूस. त्यांनी आवाज चढवला नाही. "साहेब, डिमांड मोरीची होती. मंजुरी मोरीची आली. मी मोरी बांधली. पाणी जायला हा पाइप बक्कळ आहे."

"पर हितं पानी हाय कुठं?" प्रयागबाईंनी विचारलं.

शेखसाहेबांनी पाइपाच्या तळाला बोट लावून बघितलं. बोट कोरडंच निघालं.

वाचकांसाठी दोन शब्द आधीच समजावून सांगते, म्हणजे पुढं अडायला नको. रस्त्याच्या कामात मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जाण्यासाठी केलेली वाट. इंग्रजीत कल्व्हर्ट. ती छोटी असेल तर सिमेंटचा पाइप टाकतात, त्याला ह्यूम पाइप म्हणतात. माणसं, जनावरं, गाड्या रस्त्याखालून जाव्यात म्हणून जी वाट करतात, ती अंडरपास. भुयारी मार्ग. कागदावर या दोन्ही गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. डिझाइन वेगळं, मंजुरी वेगळी, सही करणारा अधिकारीही वेगळा.

बोरवस्तीत मात्र एकच शब्द होता. जुना रस्ता अरुंद होता तेव्हा तिथं निजामाच्या काळातली दगडी कमान होती. कधीकाळी तिच्याखालून ओढा वाहत असेल. पुढं ओढ्यानं वाट बदलली, कमान कोरडी पडली, आणि लोक तिच्याखालून जायला लागले. वस्ती रस्त्याच्या या अंगाला. शेतं, शाळा, मोठं गाव आणि स्मशानभूमी त्या अंगाला. म्हशी कमानीखालून, पोरं कमानीखालून, बैलगाडीसुद्धा कमानीखालून. तिला सगळे म्हणायचे मोरी. चौपदरीकरणात ती कमान पाडली गेली आणि भराव पडला. मग बोरवस्तीची माणसं धाराशिवला आमच्या ऑफिसात आली आणि म्हणाली, "आप्पा, आमची मोरी गेली. आमाला मोरी द्या."

आप्पांनी लिहून घेतलं: बोरवस्तीस मोरी हवी.

आता आप्पांबद्दल. मी त्यांच्याकडं कामाला लागले, तेव्हा ते दुसऱ्यांदा निवडून आले होते. मी मूळची भूमची. टायपिंग येत होतं, फायली नीट लावता येत होत्या, एवढीच पात्रता. त्यानंतर किती निवडणुका आल्या आणि गेल्या. एक आप्पा हरलेही. तेव्हा आम्ही बंगल्याची पाटी उतरवून भाड्याच्या खोलीत बसलो आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकायची रविवारची बैठक तशीच चालू ठेवली. पुढच्या वेळी ते परत निवडून आले. दिल्लीत त्यांचा समावेश ज्येष्ठ सदस्यांत व्हायला लागला, समित्यांवर घेतलं जायला लागलं, नवे खासदार त्यांना नियम विचारायला यायला लागले. मंत्रिपद कधी मिळालं नाही. त्याचं नानांना फार वाईट वाटतं. आप्पांना वाटत असलं तरी मला कधी दिसलं नाही.

राजकारणाआधी आप्पा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या कामाची सगळी पद्धत तिथून आलेली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला नियम घालून दिला. माणूस जो शब्द बोलला, तोच लिहायचा. आपला सुधारलेला शब्द घालायचा नाही.

"का?" मी विचारलं होतं. मला सुधारून लिहायची सवय होती.

"बाई, प्रवासी गावाचं नाव त्याच्या तोंडानं सांगतो. कुणी तामलवाडी म्हणेल, कुणी तांबलवाडी. कंडक्टरनं त्याला नाव शिकवायचं नसतं. तिकीट फाडायचं असतं."

हा नियम आम्ही पाळत आलो आणि त्याचा फायदाच झाला. माणूस आला, त्यानं गाऱ्हाणं सांगितलं, आम्ही त्याच्याच शब्दात ते परत वाचून दाखवलं की त्याचा चेहरा बदलायचा. आपलं ऐकलं गेलं, एवढं त्याला कळायचं. आप्पा इतक्यांदा का निवडून आले, यावर लोकांनी पुष्कळ तर्क लढवलेत. माझ्या मते अर्धं उत्तर या नियमात आहे.

आणि बोरवस्तीत आम्ही फसलो तेही याच नियमानं. आप्पांनी 'मोरी' लिहिलं. दिल्लीत त्याचं इंग्रजी झालं 'कल्व्हर्ट'. शब्दकोश उघडा, तोच शब्द मिळेल. खात्यानं कल्व्हर्ट मंजूर केला. शेखसाहेबांनी तो बांधला. प्रत्येकानं आपलं काम चोख केलं होतं, आणि म्हैस जिथल्या तिथं उभी होती.

आप्पा उठले. गुडघ्याची माती झटकली.

"शेखसाहेब, आता काय करता येईल?"

"साहेब, खरं सांगू? भराव उंच आहे, त्यामुळं अंडरपास बसू शकतो. पण तो माझ्या कामात नाही. चेंज ऑफ स्कोप लागेल."

चेंज ऑफ स्कोप म्हणजे ठरलेल्या कामाबाहेरचं काम. एकदा कंत्राट झालं की त्यात पायरीसुद्धा वाढवायची असेल तर वरून मंजुरी लागते. ती वाट दिल्लीपर्यंत जाते.

"आणि वेळ किती?"

"हेच तर. एकदा का वर काँक्रीट पडलं, की मग कुणी रस्ता फोडून देणार नाही. तुम्हीही नाही, मीही नाही. मी एवढंच करू शकतो, हा तुकडा शेवटाला घेतो. बाकी सगळा रस्ता पुरा करून मग इथं येतो. त्याच्या आत मंजुरी आणा."

"तेवढं पुष्कळ झालं," आप्पा म्हणाले.

मग ते प्रयागबाईंकडं वळले. "मावशी, चूक माझी. आता नीट सांगा. त्या मोरीतून काय काय जायचं?"

मी पेन काढलं. प्रयागबाईंनी हार म्हशीच्या पाठीवर ठेवला आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"म्हशी. शेळ्या. शाळंची पोरं. खताचा ट्रॅक्टर. कडब्याचा ट्रॅक्टर."

"कडब्याचा कशाला वेगळा लिहायचा?" नाना म्हणाले. "ट्रॅक्टर म्हंजी ट्रॅक्टर."

"नाना, तुमी जेवायच्या आधी अन् जेवल्यावर सारखंच दिसता का? कडबा भरला की ट्रॉली घराएवढी हुती."

शेखसाहेबांनी मान डोलावली. "बरोबर आहे. हाइट वेगळी लागते."

"जयंतीची मिरवणूक," मागून एक तरुण म्हणाला. "बाबासाहेबांचा फोटो ट्रॉलीवर उभा असतो. औंदा वरून न्यायची म्हटलं तर पोलिसांनी परवानगी दिली नाही."

"अँब्युलन्स," दुसरा म्हणाला.

मी लिहीत होते. प्रयागबाईंनी आणखी एक बोट दुमडलं. मग म्हणाल्या, "मयत."

नानांनी डोक्यावरची टोपी काढली.

"आमचं मालक उन्हाळ्यात गेलं," त्या म्हणाल्या. "मोरी मोडली व्हती. वरनं नेलं. चौघंजण खांद्यावर घिऊन रस्त्याच्या कडंला उभी. ह्यो ट्रक जाऊ दे, त्यो ट्रक जाऊ दे. एक गाडीवाला हॉर्न वाजवत ऱ्हायला. म्या म्हणलं, आता मी बी जाईन कवातरी, तवा असं रस्त्याच्या कडंला थांबवू नका मला."

आप्पांनी मला खूण केली. मी 'मयत' लिहिलं. त्यांच्याच शब्दात. त्यापुढं, आप्पांनी सांगितलं म्हणून, लिहिलं: खांद्यावर, ताठ.

शेखसाहेबांनी त्याच दिवशी कडब्यानं भरलेली ट्रॉली मागवून तिला टेप लावला. फोटो मिरवणुकीत किती उंच असतो, तेही तरुणांकडून समजून घेतलं. त्यांनी स्केच काढलं, आम्ही चहा प्यायलो. हार तसाच म्हशीच्या पाठीवर राहिला, आणि थोड्या वेळानं तिनंच तो मान वळवून खाल्ला.

परतीच्या वाटेवर गाडीत वाद झाला. आप्पा पुढं, मी आणि नाना मागं.

अडचण अशी होती. नेहमीचे तीन रस्ते होते: मंत्र्यांना पत्र, सभागृहात प्रश्न, किंवा प्रत्यक्ष भेट. तिन्हीकडून एकच उत्तर येणार होतं: आपल्या मागणीनुसार काम पूर्ण झालं आहे. त्यात भर म्हणजे पावसाळी अधिवेशनात, मोरी मंजूर झाल्यावर, आप्पांनी सभागृहात उभं राहून सरकारचे आभार मानले होते. ते रेकॉर्डवर होतं. संसदेत बोललेला शब्द छापला जातो आणि राहतो.

"झीरो अवर घेतो," आप्पा म्हणाले.

झीरो अवर म्हणजे शून्य प्रहर. प्रश्नोत्तरांचा तास संपला की खासदारांना तातडीचा विषय थोडक्यात मांडता येतो. त्यासाठी आधी नोटीस द्यावी लागते, नावांची सोडत निघते, आणि बोलायला मिळतात ती जेमतेम दोन-चार वाक्यं.

"घ्या की," नाना म्हणाले. "म्हणा, खात्यानं चूक केली."

"खात्यानं चूक केलेली नाही."

"मग काय म्हणणार?"

"मी चुकीचं मागितलं, असं म्हणणार."

नाना एकदम पुढं सरकले. "आप्पा, तुमचं ह्ये शेवटचं हिवाळी अधिवेशन. तुमी पुढं उभं ऱ्हाणार न्हाय हे समद्यांना म्हाईत हाय. आन् जाताजाता असं बोलणार? उद्या लोक म्हणतील, इतकी वर्षं दिल्लीला जाऊन ह्यांना मोरी कळंना."

"कळली नव्हतीच की, नाना."

"ते आपल्याला ठाव. दुनियेला कशाला सांगायचं? मंत्र्याला खासगीत भेटा, हात जोडा, गुपचूप मंजुरी आणा."

"गुपचूप मागितलं की गुपचूप नाही म्हणता येतं," आप्पा म्हणाले. "रेकॉर्डवर आभार आहेत. ते रेकॉर्डवरच परत घ्यावे लागतील."

नाना माझ्याकडं वळले. "मॅडम, तुमी तरी सांगा."

मी नानांच्या बाजूनं होते, हे इथं लिहायला हरकत नाही. इतक्या वर्षांचं काम एका विनोदात जाऊ नये, असं मलाही वाटत होतं. पण मी पीए आहे. मी विचारलं, "आप्पा, हिंदीत बोलणार की मराठीत? मराठीत असेल तर दुभाष्यासाठी आधी कळवावं लागेल."

"मराठीत," आप्पा म्हणाले. "शब्दच मराठी आहे."

आप्पा त्याच दिवशी सोलापूरहून दिल्लीला निघाले. पहिल्या दिवशी सोडतीत नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इकडं शेखसाहेबांचा फोन: मॅडम, साहेबांना सांगा, रस्ता जवळ येतोय. मी धाराशिवहून रोज नोटीस पाठवत होते, रोज टीव्हीवर सभागृहाचं प्रक्षेपण लावून बसत होते. नाना रोज येऊन शेजारच्या खुर्चीत बसायचे आणि नाव आलं नाही की खूश व्हायचे.

अधिवेशन संपायला आलं तेव्हा नाव आलं. तेही यादीच्या तळाशी. सभागृह जेवणाच्या सुट्टीकडं चाललं होतं. बरीच बाकं रिकामी होती. आप्पा उभे राहिले. कानाला हेडफोन लावलेले काही खासदार, पीठासीन अधिकारी, आणि इकडं धाराशिवच्या ऑफिसात आम्ही दोघं.

"अध्यक्ष महोदय," आप्पा म्हणाले, "मागच्या अधिवेशनात मी याच जागेवरून सरकारचे आभार मानले होते. ते आज मला परत घ्यायचे आहेत."

सभागृहात हशा झाला. विरोधी बाकांवरून कुणीतरी बाक वाजवलं. त्यांना वाटलं, आता सरकारवर टीका येणार. नानांनी कपाळाला हात लावला.

"सरकारनं काही चूक केलेली नाही. मी मोरी मागितली, सरकारनं मोरी दिली. दुभाष्यांना विनंती आहे, या शब्दाचं भाषांतर करू नका. त्याचं भाषांतर झालं म्हणूनच मी इथं उभा आहे."

पुन्हा हसणं. पण आता माना वळल्या होत्या.

"अध्यक्ष महोदय, मी एसटीत कंडक्टर होतो. माझी बस त्या मोरीवरून रोज जायची. मी कितीतरी वर्षं तिच्या वरून गेलो. माणसं खालून जात होती. मी खाली कधी उतरलो नाही. त्यामुळं त्यांनी मोरी म्हटलं तेव्हा मला पाणी दिसलं. त्यांना माणसं दिसत होती."

घंटा वाजली. वेळ संपल्याची ती घंटा.

"कंडक्टरनं दोन गोष्टी विचारायच्या असतात. कुठं जायचं, आणि किती जण. बोरवस्तीला मी पहिली विचारली. दुसरी राहिली. ती चूक माझी आहे, वस्तीची नाही. माझ्या चुकीची शिक्षा त्यांना होऊ नये."

पीठासीन अधिकारी म्हणाले, "माननीय सदस्य, आपली मागणी एका वाक्यात सांगा."

आप्पांनी कागद बघितला नाही.

"मेलेल्या माणसाला खांद्यावर घेऊन, न वाकता, न थांबता पलीकडं जाता येईल, एवढी वाट."

आणि ते खाली बसले.

मग पीठासीन अधिकारी म्हणाले की मंत्रिमहोदयांनी याची नोंद घ्यावी. शून्य प्रहरात मंत्र्यांनी लगेच उत्तर द्यायचं बंधन नसतं. तरीही मंत्री उठले आणि एवढंच म्हणाले, "मी बघतो. आणि सदस्यांनी आभार परत घ्यायची गरज नाही, ते माझ्याकडं जमा राहू द्या."

नाना टीव्हीकडं बघत होते. बराच वेळ. मग उठले, म्हणाले, "चहा सांगतो," आणि बाहेर गेले. चहा आला, नाना आले नाहीत. मी जिन्यात जाऊन बघितलं तर ते पाठमोरे उभे होते आणि टोपीनं डोळे पुसत होते. मी परत फिरले. पीएला कुठं थांबायचं नाही, हेही कळावं लागतं.

पण नानांची भीती खोटी नव्हती. संध्याकाळपर्यंत क्लिप फिरायला लागली. अख्खं बोलणं नाही, फक्त सुरुवात: "मी मोरी मागितली, सरकारनं मोरी दिली." त्याला गाणं लावलेलं. एकानं आप्पांचा फोटो न्हाणीच्या मोरीवर चिकटवला. भूमच्या बाजारातून माझ्या भावाचा फोन आला, "तुमचे साहेब लई गाजतायत." दोन दिवस ऑफिसचा फोन त्याच त्या चेष्टेनं वाजत राहिला. एक जण सारखा फोन करून विचारायचा, "मोरी तुंबलीय, खासदार येतील का?" तिसऱ्या खेपेला मी त्याला पत्ता विचारला आणि नगरपालिकेकडं तक्रार नोंदवून टाकली. त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

आप्पा दिल्लीहून आले तेव्हा मी त्यांना क्लिप दाखवायची की नाही, या विचारात होते. त्यांनी आधीच बघितली होती.

"गाणं बरं लावलंय," ते म्हणाले. "मंत्र्यांच्या ऑफिसातून काय आलं?"

आलं होतं. पाहणीचा आदेश. मग पाहणी झाली. पाहणीच्या दिवशी वस्तीनं कडब्याची ट्रॉली पुन्हा आणून उभी केली, ट्रॉलीवर फोटो उभा केला, शेजारी म्हैस बांधली. दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्यांनी शेखसाहेबांचं स्केच बघितलं, ट्रॉली बघितली. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. मंजुरी वेळेत आली की नाही, हे विचाराल तर सांगते: शेखसाहेबांनी बाकीचा रस्ता पुरा केला, आणि भरावाचा तो तुकडा उघडा ठेवून ते वाट बघत बसले. वरून दट्ट्या आला तरी बसले. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "मशीन बंद पडलंय." मशीन कुठलं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. मंजुरी आली आणि मशीन सुरू झालं.

अंडरपास झाला तोवर आप्पांची मुदत संपली होती. नवे खासदार उद्घाटनाला आले, आणि त्यांचा मोठेपणा असा की त्यांनी आप्पांनाही बोलावलं. आप्पा गेले, पण मंचावर बसले नाहीत. ते खाली, अंडरपासच्या तोंडाशी उभे राहिले. फीत कापली, टाळ्या झाल्या. आणि मग प्रयागबाई म्हशीला घेऊन निघाल्या. म्हैस तोंडाशी थांबली, तिनं वर बघितलं, वास घेतला, आणि चालू लागली. तिच्या मागं पोरं, पोरांच्या मागं ट्रॅक्टर. आप्पा सगळ्यात शेवटी चालत गेले. पलीकडच्या उजेडात पोहोचल्यावर मागं वळून मला म्हणाले, "बाई, पहिल्यांदा खालून गेलो."

माझ्या नोकरीत मी रेल्वेचे थांबे मिळालेले बघितले, पासपोर्टसाठी धावणारी पोरं परदेशी गेलेली बघितली, तारांकित प्रश्नावर मंत्री निरुत्तर झालेले बघितले. आप्पांच्या कारकिर्दीचा जो अहवाल आम्ही छापला, त्यात हे सगळं आहे. पहिल्या पानावर काय घ्यायचं, यावर बैठक झाली. नाना म्हणाले, "पहिल्या पानावर मोरी घ्या." जे गाडीत सगळ्यात मोठ्यानं भांडले होते, तेच. मी लगेच लिहून घेतलं, त्यांनी शब्द फिरवायच्या आत.

लोक तिला आजही मोरीच म्हणतात. खात्याच्या बोर्डावर अंडरपास लिहिलंय. तो बोर्ड फक्त बाहेरचे ड्रायव्हर वाचतात.

आप्पांचा नियम अजून चालू आहे. मी आता नव्या खासदारांकडं काम करते, पण रविवारी सकाळी तासभर आप्पांच्या ओट्यावर जाते, कारण माणसं तिथंही येतात. त्यांचा शब्द आम्ही तसाच लिहितो. फक्त त्याच्यापुढं एक रकाना वाढवलाय: त्यातून काय जायचंय? विहीर मागितली तरी विचारतो, पाणी कोण भरणार. बसथांबा मागितला तरी विचारतो, कोण आणि कधी थांबणार. माणूस सुरुवातीला वैतागतो. मग बसतो आणि सांगायला लागतो. धडा म्हणाल तर एवढाच, आणि तो शिकायला आप्पांना अख्खी कारकीर्द लागली, हे तेच सांगतात.

मागच्या रविवारी प्रयागबाई आल्या होत्या.

"आप्पा, मोरीत दिवा पायजे."

मी लिहिलं: बोरवस्ती, मोरीत दिवा. आणि पेन रकान्यावर ठेवून थांबले.

"दिवा कुणाला पाहिजे, मावशी?" आप्पांनी विचारलं.

"माणसास्नी. सांजंला आत अंधार हुतो."

"आणि म्हशींना?"

प्रयागबाईंनी विचार केला. "म्हशीस्नी नगं. डोळ्यावर उजेड आला की त्या बुजतात. मागं फिरतात."

"मग दिवा आत की तोंडाशी? वर की खाली?"

"आता ते मला काय ठाव? तुमी यिऊन बघा की. म्हशी परतायच्या टायमाला या."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी शेखसाहेबांना फोन लावला. ते आता दुसऱ्या रस्त्यावर आहेत, तरी येतो म्हणाले. नानाही येणार आहेत. प्रयागबाईंनी म्हशीचीही हमी दिली आहे.

सांजेच्या वेळी तिथं जाऊन उभं राहायचं आणि उजेड कुठं पडतो ते बघायचं, एवढं काम आहे. ते अजून राहिलंय.